आखूड नळीची जोडी

चँडलरमध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर एक सकाळ अशी येते की गाडीच्या दाराची मूठ हाताला चटका देत नाही. इथे ऋतू बदलल्याची दुसरी खूण नाही. झाडं पिवळी पडत नाहीत, आभाळ भरून येत नाही. मे महिन्यापासून बंद असलेल्या खिडक्या लोक उघडतात, एसीची घरघर थांबते, आणि इतके महिने ती घरघर आपण ऐकत होतो हे ती थांबल्यावरच कळतं. मग घरात जी शांतता शिरते ती सगळ्यांना आवडते. ऑफिसात सगळे म्हणतात, काय वेदर आहे यार, आता हायकिंग सुरू करायचं. मी हसून मान हलवते. त्या शांततेत मला बाहेरचं काही ऐकू येण्याआधी घरातलं ऐकू येतं.

२००४ साली खिडक्या पहिल्यांदा उघडल्या त्या सकाळी असाच एक आवाज ऐकू आला. आधी लोखंडाची बारीक टिकटिक, सायकलचं चाक उलटं फिरवल्यावर येते तशी. मग एक कोरडा ठोका. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टिकटिक, पुन्हा ठोका. मी बाहेरच्या खोलीत गेले. मावशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. अंगावर सुती गाऊन, पायात स्लिपर, कमरेला चामड्याचा रुंद पट्टा आणि हातात रिव्हॉल्व्हर. समोरच्या भिंतीवर काहीही नव्हतं. तरी ती तिथे कुणीतरी उभं असल्यासारखी पाहत होती.

"रिकामं आहे गं," ती मागे न वळता म्हणाली. "प्रॅक्टिस करतेय. पोह्यांना फोडणी देशील का?"

मी फोडणी दिली. मोहरी तडतडली की बाहेरचा ठोका त्यात बुडून जाई आणि मला बरं वाटे. मोहरी थांबली की मी कान देऊन वाट पाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. शिक्षण संपवून मला इथल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी तिच्या आणि काकांच्याच घरी राहायला आले. काका त्याच क्षेत्रातले, साताऱ्याकडचे, उंच आणि काटकुळे, आठवडाभर फारसं न बोलणारे. शनिवारी मात्र ते दुसरेच कुणीतरी होत. पहाटे उठून बिनकॉलरचा सदरा, गॅलिस, उंच टाचांचे बूट आणि हॅट घालून ते वाळवंटात जात. काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग असं त्या खेळाचं नाव. हौशी माणसं सव्वाशे वर्षांपूर्वीचे कपडे घालतात, त्या घाटाची हत्यारं घेतात आणि एका खोट्या गावात लोखंडी पाट्यांवर वेळ लावून नेम मारतात. तिथे प्रत्येकाला नवं नाव घ्यावं लागतं आणि सगळे त्या नावानेच हाक मारतात. कोण डॉक्टर, कोण प्लंबर, कोण कुठे राहतो, हे विचारायचं नाही. काकांचं नाव होतं सातारा स्लिम.

क्लब उन्हाळ्यात बंद असतो. एकशेदहा डिग्री फॅरनहाइटमध्ये कुणी नेम धरत नाही. काका गेले ते क्लब बंद झाल्यावर, मे महिन्याच्या शेवटी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, हृदयाच्या झटक्याने. मराठी मंडळातले लोक आले, कंपनीतले आले. कुणी आमटी आणली, कुणी कॅसरोल. वाळवंटातलं कुणी आलं नाही, कारण त्यांना कळायला काही वाटच नव्हती. वर्तमानपत्रात छापून आलेलं नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

आईचा फोन दर रविवारी येई. मावशीशी ती भाज्यांबद्दल आणि नातेवाइकांबद्दल बोले. मग फोन माझ्याकडे आला की आवाज खाली आणून विचारे, "त्या बंदुका विकल्या का?"

"नाही अजून."

"तू आहेस ना तिथे, म्हणून मला झोप लागते हो."

एवढंच. पुढचं वाक्य तिने कधी उच्चारलं नाही आणि मीही नाही. पण ते आमच्या दोघींच्या मधे पुण्यापासून चँडलरपर्यंत ताणलेलं असे. एकटी बाई, मूल नाही, नवरा अचानक गेलेला, आणि घरात कपाटभर हत्यारं. मला लोकांना काही विचारणं जमत नाही. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, आणि दोन्हीकडे मी ऐकणारीच. मी बघत राहते. त्या ऋतूत मी मावशीला बघत राहिले. ती किती जेवते, दार किती वेळ बंद ठेवते, कपाटाची किल्ली कुठे ठेवते.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी ती म्हणाली, "मनू, गाडी काढ. यांच्या सगळ्या विकून टाकायच्यात. पण आधी मला दोन लहान घ्यायच्यात."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? खेळायला. इतकी वर्षं यांच्याबरोबर जाऊन खुर्चीत बसले, आता जरा उभी राहते."

मेसाच्या पुढे, जिथे दुकानं विरळ होतात, तिथे ते दुकान होतं. दुकानदार सत्तरीचा, पांढरी दाढी, काळा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. क्लबमध्ये त्याचं नाव प्रीचर. खरं नाव मला आजही माहीत नाही. त्याने काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि त्यावर चार रिव्हॉल्व्हर लांबीच्या उतरत्या क्रमाने मांडल्या, शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करतात तशा.

"स्लिम वापरतो तशी ही," तो सगळ्यात लांब नळीवर बोट टेकवत म्हणाला. "साडेसात इंच. घेऊन बघा."

मावशीने त्याने दिलेला पट्टा बांधला, ती म्यानात घातली आणि उपसायला गेली. कोपर कानापर्यंत वर गेलं तरी नळी बाहेर येईना. मग एकदम सुटली आणि गर्रकन वळून मी उभी होते त्या बाजूला आली. प्रीचरने घाई न करता नळीला बोट लावून ती परत भिंतीकडे वळवली.

"हाच घोटाळा आहे, मॅम. तुमची उंची कमी, पट्टा वर बसतो. नेम मारायच्या रेषेवर उभं असताना नळी मागच्या माणसांकडे वळली, तर त्या दिवशी बाकीचा खेळ सोडून घरी जायचं. तुम्हाला आखूड नळीच हवी. ही पावणेपाच इंची घ्या. चटकन निघते आणि तोल चांगला आहे."

मावशी चौथीकडे बघत होती. "आणि ती?"

"ती साडेतीन. शेरिफचं मॉडेल म्हणतात. दिसायला गोड आहे, पण नका घेऊ. नेम धरायची पुढची खूण आणि मागची खाच इतकी जवळ की हात केसभर हलला तरी समोर वीतभर चुकतं. रिकामी काडतुसं ढकलायची दांडी तोकडी, त्यामुळे ती अर्धीच बाहेर येतात, नखांनी ओढावी लागतात. लोक हौसेने नेतात आणि सहा महिन्यांत परत आणतात."

मावशीने ती उचलली. मूठ पक्ष्याच्या मानेसारखी वळलेली, तिच्या लहान हातात बरोबर मावणारी. तिने मनगट फिरवून ती सगळ्या बाजूंनी पाहिली. लांब नळीची अशी पाहता येत नाही, ती समोरच बघत राहते. ही कुठेही बघू शकत होती. काही क्षण ती मावशीकडेच बघत होती. दुकानात पंखा फिरत होता आणि त्या हिरव्या कापडाची कड हळूहळू हलत होती. 

"हीच," मावशी म्हणाली. "अशा दोन."

प्रीचरने खांदे उडवले आणि खोकं शोधायला लागला. खोकं बांधता बांधता त्याने सहज विचारलं, "आणि स्लिम कसा आहे? उन्हाळाभर गाठ नाही."

मी मावशीकडे पाहिलं. आता ती सांगेल, हा माणूस टोपी काढेल, काहीतरी बोलेल, आणि मग आम्ही घरी जाऊ, असं मला वाटलं.

"ही इज फाइन," मावशी म्हणाली. "गुडघा दुखतो जरा. घरीच असतो."

"या उन्हात तेच बरं. त्याला म्हणावं, आम्ही वाट बघतोय."

"सांगते."

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ते उंच निवडुंग होते, हात वर करून उभे असलेले. खोकं मावशीच्या मांडीवर होतं. ती काहीतरी बोलेल म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी ती म्हणाली, "घरी कोथिंबीर आहे का गं?"

ऑक्टोबर लागला आणि शनिवार सुरू झाले. मी तिला घेऊन जाई, कारण ती एकटी गेलेली मला नको होती. डांबरी रस्ता संपला की धुळीचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला ते गाव. बँक, सलून म्हणजे दारूचा गुत्ता, लोहाराचा भाता आणि शवपेट्या बनवणाऱ्याचं दुकान. सगळी घरं फक्त समोरून. बँकेचं दार उघडलं की पलीकडे वाळवंट. सलूनच्या खिडकीला पडदा आणि पडद्यामागे डोंगर. पुढे माणसांच्या आकाराचे कापलेले पत्रे उभे, डोक्यावर हॅट, हात कमरेवर, तोंडं नसलेले. सकाळी त्यांना पांढरा रंग देत. दुपारपर्यंत ते छातीवर काळवंडत, मग कुणीतरी डबा घेऊन जाई आणि त्यांना पुन्हा पांढरं करी. या सगळ्यांतून पायघोळ स्कर्ट आणि लांब कोट घातलेली माणसं कॉफी पीत हिंडत. दुरून पाहिलं तर वाटे, हे सगळे केव्हाच होऊन गेलेले आहेत आणि फक्त शनिवारी येतात.

मावशी नऊवारी नेसून गेली. कपडे नियमात बसतात का ते बघणाऱ्या एका बाईने कपाळाला आठ्या घातल्या. एकोणिसाव्या शतकातलंच काही हवं, असा नियम होता.

"हे तुमच्या या गावापेक्षा जुनं आहे," मावशी तिला म्हणाली.

"मॅम," मागून प्रीचर म्हणाला, "या गावापेक्षा माझा पिकअपसुद्धा जुना आहे." सगळे हसले आणि नऊवारी मान्य झाली. काष्ट्यावर चामड्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना ती आखूड जोडी. नाव काय लावायचं असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, मिसेस स्लिम. सगळ्यांना ते फारच आवडलं.

आणि तिने दोन खुर्च्या मांडल्या. एक तिची, एक काकांची. काकांच्या खुर्चीवर तिने काही ठेवलं नाही. येणारे-जाणारे त्या खुर्चीकडे बघून विचारत, स्लिम येतोय का आज? मावशी म्हणे, आज नाही. कधी गुडघा, कधी सर्दी, कधी इंडियाहून पाहुणे. ती हे इतकं सहज सांगे की ऐकताना मलाच घरी कुणीतरी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेलं दिसे. शनिवारी, इंग्रजीत, काका होते. रविवारी मंडळातल्या काकूंचा फोन आला की मराठीत ते गेलेले असत. मावशी एका दिवसातून दुसऱ्या दिवसात जाताना अडखळत नसे.

एकदा एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "स्लिमला माझा हॅलो सांग हं." मी म्हणाले, सांगते. घरी आल्यावर बूट काढताना माझं लक्ष काकांच्या बुटांकडे गेलं. ते दाराशीच होते, टोकं आत वळवलेली, आत्ताच कुणीतरी काढून ठेवल्यासारखे. निरोप माझ्या तोंडाशी आलेला होता. मी दिवा लावला.

मावशी नेम चांगला मारे, हे मला मान्य करायला हवं. इतकी वर्षं खुर्चीत बसून तिने सगळ्यांच्या चुका मोजल्या होत्या. कोण श्वास धरून ठेवतो, कोण घाई करतो, तिला माहीत होतं. गोळीचा आवाज आधी येई, मग पत्र्याचा ठणका, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत तिचा चेहरा अगदी रिकामा दिसे. मी त्या फटीतच बघायचे. खेळ संपल्यावर मात्र ती नखांनी एकेक रिकामं काडतूस ओढून काढी आणि तिची बोटं काळी होत. "प्रीचर म्हणालाच होता," ती मला म्हणे. पण बदलून घेऊया असं कधी म्हणाली नाही.

त्या वर्षी दसरा शुक्रवारी आला. काकांच्या घरी शस्त्रपूजेची रीत होती आणि इथे आल्यावर ते तिला फार जपत. बाकी वर्षभर देवासमोर न बसणारा माणूस दसऱ्याला सोवळं नेसून पाटावर रिव्हॉल्व्हर मांडी. त्या वर्षी मावशीने पाट मांडला. काकांची लांब जोडी आणि तिची आखूड जोडी शेजारी शेजारी. बाजारात कुंडीतला झेंडू मिळाला होता, तो आम्ही तोडला. हळद, कुंकू, अक्षता. तेल लावलेल्या लोखंडावर कुंकू पडलं की ते पूड राहत नाही, ओलं दिसतं. समईच्या उजेडात त्या चार नळ्या चार निजलेल्या जनावरांसारख्या दिसत होत्या. मावशीने हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे असते तर आरती म्हणाले असते. आवाज काय होता पण, भसाडा." आणि हसली.

दुसऱ्या दिवशी खेळ होता. सकाळी तिने फुलं उचलली, ती आखूड जोडी फडक्याने पुसली आणि म्यानात घातली.

तिथे गोळ्या भरायचं एक वेगळं टेबल असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्यांची जागा असली तरी पाचच भरायच्या आणि घोडा रिकाम्या जागेवर अलगद टेकवून ठेवायचा, म्हणजे धक्का लागून चुकून बार उडत नाही. हे बघायला एक माणूस टेबलामागे उभा असतो. त्या दिवशी प्रीचर होता. मावशीने पाच भरल्या आणि घोडा खाली सोडला. तो पूर्ण टेकेना. मधे बारीक फट राहिली. तिने पुन्हा केलं. पुन्हा तीच फट.

"हात काढा, मॅम," प्रीचर हळू आवाजात म्हणाला. मग त्याने तिचा अंगठा पाहिला. तो लाल होता. "तुम्हाला लागलंय का?"

 मी धावत पुढे गेले. माझ्या मनात ते न उच्चारलेलं वाक्य इतकं मोठ्याने वाजत होतं की मला दुसरं काही ऐकू आलं नाही. पण मावशीच्या अंगठ्याला काही झालं नव्हतं. ते कुंकू होतं. तेलात मुरलेलं, खाचांमध्ये बसलेलं. प्रीचरने गोळ्या काढल्या, बारीक चिमटा आणला आणि घोड्याच्या पुढच्या खाचेतून काहीतरी टिपून तळहातावर घेतलं.

"तांदूळ?" तो म्हणाला.

एक अक्षता होती. अर्धी चिरडलेली, लाल झालेली.

"पूजा केली होती काल," मावशी म्हणाली. तिचं इंग्रजी पहिल्यांदाच अडखळत होतं. "दर वर्षी करतो. दर वर्षी पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ते सगळ्या सोडवून, तेल घालून साफ करतात. ते त्यांचं काम आहे. मी नाही करत. ते करतात."

"मग स्लिम या वर्षी विसरला," कुणीतरी मागून हसत म्हणालं.

मावशी त्या दाण्याकडे बघत राहिली. वाऱ्याने सलूनची खिडकी आपटली. 

"ते नाहीत," ती म्हणाली. "मे महिन्यात गेले. स्लिम इज डेड."

 इतके शनिवार ज्याच्या गुडघ्याची चौकशी केली तो माणूस तेव्हा नव्हताच, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. दोघातिघांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. प्रीचरने तो दाणा रुमालात ठेवला, रुमालाची घडी घातली आणि हॅट काढली. "मॅम," तो म्हणाला, "त्याची फेरी राहिलीय मग."

ती त्यांच्याकडची रीत आहे. कुणी सभासद गेला की पुढच्या खेळात त्याला एक शेवटची फेरी देतात. सगळे हॅट काढून रेषेच्या मागे उभे राहिले. रेषेवर कुणी नव्हतं. प्रीचरने टायमर हातात धरला आणि काकांची पाळी आली असावी तशी हाक मारली, "सातारा स्लिम." मग त्या रिकाम्या जागेला नेहमीसारखं विचारलं, "शूटर रेडी?"

तो थांबला. उत्तराला लागतो तितकाच वेळ थांबला. "स्टँड बाय."

टायमर वाजला. समोर पांढरे पत्रे उभे होते. कुणी हललं नाही. तो टायमर आवाज ऐकतो. बार उडाला की वेळ नोंदवतो, आणि शेवटच्या बाराची वेळ पडद्यावर राहते. बार उडालाच नाही तर त्यावर शून्य राहतं. या फेरीत नेहमी शून्यच राहतं, असं मला नंतर कळलं. धूळ सरकत होती. मावशी माझ्या शेजारी होती आणि तिचे ओठ हलत होते.

तेव्हा डोंगरापलीकडे कुठेतरी एक बार उडाला. तिकडे दुसरी रेंज आहे, रायफलवाले येतात. लांबचा, जाड, एकच आवाज. तो आमच्यावरून गेला आणि विरला.

प्रीचरने टायमर वर करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग नेहमी वाचतात तसं, कोरड्या आवाजात वाचलं, "सतरा पॉइंट चार. क्लीन." म्हणजे एकही नेम चुकला नाही.

गुण लिहिणाऱ्या बाईने मान खाली घालून ते लिहून घेतलं.  मावशीने पदराने नाक पुसलं आणि मला मराठीत म्हणाली, "यांना जन्मात कधी सतरा सेकंदांत जमलं नव्हतं."

परत येताना गाडी मी चालवत होते. समोर रस्ता सरळ होता, कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. म्हणून असेल, मी विचारू शकले.

"मावशी, त्या आखूड का घेतल्यास?"

 "तुझी आई दर रविवारी तुला काय विचारते ते मला ऐकू येतं. भिंती पातळ आहेत इथल्या. तू काय सांगतेस तिला?"

"ठीक आहे म्हणून सांगते."

"मी ठीक आहे का?"

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"दुकानात ती हातात घेतली ना," मावशी म्हणाली, "तेव्हा वाटलं, ही जमेल. काय जमेल ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. पण मग त्याने विचारलं, स्लिम कसा आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, बरा आहे. आणि एकदम हलकं वाटलं बघ. तिथे ते होते. मग आठवड्यात कधी काही मनात आलं की मी म्हणायचे, शनिवारपर्यंत थांब, शनिवारी ते तिथे आहेत." ती खिडकीबाहेर बघत होती. "आज तिथूनही गेले."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केल्यावर तीच शांतता आली. मावशीने पर्समधून कपाटाची किल्ली काढली आणि गिअरजवळच्या खाचेत ठेवली, सुटी नाणी ठेवतात तिथे.

"ही तू ठेव. शनिवारी सकाळी मला दे. बाकी दिवशी मागितली तरी देऊ नकोस. मी कशीही मागितली तरी."

"तू मागशील?"

"मागेन," ती म्हणाली. "तुला नाही म्हणता येतं का मनू? तुला तर दुकानात चुकीचं सामान दिलं तरी परत करता येत नाही."

त्यानंतरच्या आठवड्यात काकांच्या सगळ्या बंदुका प्रीचर घेऊन गेला. मावशीने आखूड जोडीही परत दिली आणि पावणेपाच इंची घेतली. सहा महिने झाले नव्हते. त्याने एका शब्दाने विचारलं नाही, फक्त नवी जोडी तिच्यासमोर मांडली आणि तिने ती उपसून समोर धरून पाहिली. डॉक्टरांकडे जायला ती कुरकुर न करता तयार झाली. अजून जाते, मी नेते. आईला मी त्या रविवारी पहिल्यांदाच ठीक आहे असं सांगितलं नाही. जे होतं ते सांगितलं. पलीकडे ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, बरं झालं बोललीस.

आणि मावशीने मागितली. नोव्हेंबरातला बुधवार होता, भर दुपार. मी घरून काम करत होते. ती दारात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, कपाळावर टिकली, हातात काही नाही.

"मनू, जरा किल्ली दे गं. नव्या जोडीला तेल घालायचं राहिलंय."

आवाज इतका रोजचा होता की माझा हात ड्रॉवरकडे गेला. मग मी तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी रेषेवर पाहिला होता, गोळी आणि ठणका यांच्या मधल्या फटीत.

"शनिवारी," मी म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"शनिवारी, मावशी."

ती तशीच उभी राहिली. एरवी मी कुणावरूनही नजर काढून घेते, तेव्हा काढली नाही. माझ्या मांडीवरचा लॅपटॉप गरम झाला होता आणि मला तो बाजूला ठेवता येत नव्हता. शेवटी तिचे खांदे जरा खाली आले. "बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, मग पातेल्याचा. मी उठून तिच्या मागे गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. 

त्याला आता चार वर्षं होतील. माझं स्वतःचं घर घ्यायचं चाललं होतं, ते मी घेतलेलं नाही. मावशी खेळते, बक्षिसंही आणते, मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करते. क्लबमध्ये तिने अजून दुसरं नाव घेतलेलं नाही. मधे कधी वर्षभर ती किल्ली मागत नाही आणि मला वाटतं, संपलं. मग एखाद्या मंगळवारी, खिडक्या उघड्या असताना, ती दारात येते. कधी तेलाचं कारण असतं, कधी काहीच नसतं. मी तेच उत्तर देते, ती तेच उत्तर देते, आणि मग आम्ही एकत्र स्वयंपाकघरात उभ्या राहतो.

या वर्षी ऊन लवकर उतरलं. आज एसी बंद केला. आज शुक्रवार आहे, संध्याकाळ होत आली आहे आणि पलीकडच्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आलेला नाही. तिने अजून किल्ली मागितलेली नाही.